कर्ता बेपत्ता

'राम किल्ड रावण'चं 'रावण वॉज किल्ड बाय राम' करून आमची पिढी दहावी सुटली. कर्ता उचलायचा, 'बाय'च्या पुढे नेऊन ठेवायचा, मार्क घ्यायचे. मुलगी आठवीत गेली आणि कळलं, की इंग्रजीत कर्त्याला सरळ गायब करायचीही सोय आहे. 'धिस शर्ट वॉशेस वेल.'

"शर्ट कोणाला धुतो?"

"बाबा, तो धुतला जातो. रूप अ‍ॅक्टिव्ह, अर्थ पॅसिव्ह."

"मग पुढे 'बाय आई' लाव."

तर तेही चालत नाही! इथे 'बाय'ला मज्जाव. 'वेल', 'ईझिली' असलं काहीतरी मात्र शेवटी बहुधा लागतंच. म्हणजे शर्ट किती छान निघाला ते सांगायचं, कॉलर घासून हात कोणाचे दुखले ते विचारायचं नाही.

"अहो, हे व्याकरण तर तुम्हाला लग्नापासून येतंय," स्वयंपाकघरातून आवाज आला.

तेव्हापासून मला नौपाड्यात सुखाने चालता येत नाही. गेटवर 'टू लेट'ची पाटी दिसली की थबकतो. अर्थाने 'टू बी लेट', पण घर जणू आपणहून भाड्याने निघालंय. सोसायटीच्या सभेत 'बिल्डिंग नीड्स पेंटिंग' यावर तात्काळ एकमत होतं. रंगवायचं बिल्डिंगने नाही, बिल्डिंगला, हे बिनव्याकरणाचं सगळ्यांना समजतं. कोणाच्या पैशाने, असं कोणी विचारलं की लगेच चहा येतो.

खरी बहार जुन्या इंग्रजीत. अठराव्या शतकात घर बांधलं जात असलं, की 'द हाउस इज बिल्डिंग' म्हणत. 'इज बीइंग बिल्ट' हे प्रकरण त्या शतकाच्या अखेरीस डोकं वर काढू लागलं, आणि एकोणिसाव्या शतकात कित्येक व्याकरणवाले त्याच्यावर तुटून पडले. मी त्यांच्या बाजूचा. वडाळा–कासारवडवली मेट्रोचं काम चालू असताना कापूरबावडीला रिक्षात अडकून बघावं. माणूस एक दिसत नाही, पण बॅरिकेड सरकलेले असतात, खांब वाढलेले असतात. कर्त्याचा पत्ता नाही, क्रियापद आपलं चालू.

"कधी व्हायचं साहेब हे?" रिक्षावाल्याने विचारलं.

"इट इज बिल्डिंग," मी म्हटलं.

त्याने मान वळवून माझ्याकडे नीट पाहिलं. "बिल्डिंग नाय साहेब, मेट्रो आहे ती."