कपाळावरचे कुंकू आणि जाहिरातीवरचा शिक्का

ऑस्लोत राहायला आल्याला मला 14 वर्षे झाली. सांगलीकडच्या नातेवाइकांचे प्रश्न इतक्या वर्षांत ठरून गेले आहेत: थंडी किती, कांदा काय भाव, परत कधी येणार. अलीकडे त्यांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. फोटोत केलेला फेरफार उघड करायला लावणारा नॉर्वेसारखा कायदा आपल्याकडे का असू नये? प्रश्नाला निमित्त झाले ते केंद्र सरकारने 2025 च्या ऑक्टोबरमध्ये मांडलेल्या मसुद्याचे. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या किंवा बदललेल्या चित्रावर तसे सांगणारी खूण असावी आणि तिने चित्राचा किमान 10 टक्के भाग व्यापावा, असे त्यात सुचवले होते. तेव्हापासून नात्यातले फोटोग्राफर चिडलेले आहेत, समाजमाध्यमांवर लिहिणारे मित्र खूश आहेत, आणि दोघेही आपापल्या सोयीने नॉर्वेचा दाखला देतात. मी इथे दोन हिवाळे संध्याकाळच्या वर्गाला जाऊन कॅमेऱ्याने पोर्ट्रेट काढायला शिकले आहे, म्हणून माझे मत विचारले जाते. ते कोणालाच फारसे रुचत नाही. नॉर्वेकडून कायदा जरूर घ्यावा, पण तो दुसरा आहे, असे माझे म्हणणे आहे.

ज्याचे एवढे कौतुक चालले आहे तो कायदा असा: नॉर्वेच्या संसदेने 2021 च्या जूनमध्ये विपणनाच्या कायद्यात दुरुस्ती मंजूर केली आणि ती 1 जुलै 2022 पासून लागू झाली. जाहिरातीतल्या माणसाच्या शरीराची ठेवण, आकारमान किंवा त्वचा यांत फेरफार केला असेल, तर त्या जाहिरातीवर सरकारने ठरवून दिलेला शिक्का मारावा लागतो. मग ती जाहिरात बसथांब्यावरची असो किंवा पैसे घेऊन इन्स्टाग्रामवर शाम्पूची शिफारस करणाऱ्या तरुणीची. फ्रान्समध्ये 2017 च्या ऑक्टोबरपासून असाच नियम आहे, मात्र तो मॉडेलला बारीक किंवा जाड दाखवण्यापुरता आहे, आणि मोडल्यास 37,500 युरो दंड होऊ शकतो. दोन्ही कायद्यांना काळजी आहे ती बघणाऱ्याची. बसची वाट पाहणाऱ्या 15 वर्षांच्या मुलीने समोरची कंबर खरी समजू नये आणि घरी जाऊन जेवण टाकू नये, हा त्यामागचा हेतू मला पूर्णपणे मान्य आहे. मात्र या मांडणीत फोटोतला माणूस तक्रारदार नसतो. तो मोबदला घेऊन उभा राहिलेला असतो. घरच्या भिंतीवर हार घालून टांगलेल्या किंवा बायोडेटाला जोडलेल्या फोटोशी या कायद्याचा काही संबंध नाही, आणि आपल्याकडचे रिटचिंगचे खरे प्रताप तर तिथेच चालतात.

वर्गाची सुरुवात बर्फापासून झाली. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरून कॅमेरा उजेड मोजतो, त्यामुळे पांढऱ्याशुभ्र बर्फावर तो फोटो आपणहून काळवंडून टाकतो. सहाध्यायाने काढलेल्या माझ्या पहिल्या फोटोत डोळे आणि दात सोडले तर माझे असे काही उरले नव्हते. शिक्षिकेने एक्स्पोजर, म्हणजे फोटोत पडणारा उजेड, दीड स्टॉपने वाढवायला सांगितले आणि पुढच्या फोटोत माझा आईकडून आलेला सावळा रंग जसाच्या तसा उतरला. याला चेहरा उजळवणे म्हणायचे का, असे एकाने विचारले. आधीचा रंग कॅमेऱ्याचा अंदाज होता, एवढेच ती म्हणाली. मग अंतराचा धडा आला. एक फुटावरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसते, म्हणजे सॉफ्टवेअरला हात लावण्याआधीच चेहरा बदललेला असतो. चौकटीचे तीन-तीन भाग पाडून माणूस त्या रेषांवर ठेवायचा तृतीयांशाचा नियम एका संध्याकाळी येतो आणि महिन्याभरात मोडावासा वाटतो, त्यावर जास्त लिहिण्यासारखे नाही. चौकटीच्या बाहेर काय ठेवायचे, हे ठरवणे मात्र अजून जमत नाही. डिसेंबरात ऑस्लोचा सूर्य भर दुपारी क्षितिजापासून जेमतेम 7 अंश वर येतो, खिडकीतून आडवा, मऊ उजेड येतो आणि त्यात कोणीही विचारमग्न दिसते. मे महिन्यात मिरजेच्या अंगणात तोच माणूस उभा केला तर डोळ्यांच्या खोबणीत काळोख आणि नाकाच्या शेंड्यावर चमक. या निवडींवर कोणताही देश शिक्का मारत नाही, आणि मारूही शकणार नाही.

हे सगळे मला उशिरा कळले, कारण आमच्या घरातला फोटो त्याआधीच काढून झाला होता.

2022 च्या मार्चमध्ये आजी गेली. विमानाची जुळवाजुळव होईपर्यंत सगळे उरकले होते, त्यामुळे दिवसकार्य मी फोनवरच पाहिले. पाटावर ठेवायला फोटो हवा होता, आणि तिचा एकटीचा बरा फोटो घरात एकच होता, तिच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी ओसरीवर मी काढलेला. काकांनी तो तालुक्याच्या गावातल्या एका स्टुडिओत दिला आणि "जरा टचिंग करून एन्लार्ज करा" एवढे सांगितले. फ्रेम होऊन आलेल्या फोटोतला ओसरीचा खांब गेला होता आणि त्या जागी निळे, ढगाळ आकाश आले होते. सुरकुत्या पुसल्या होत्या. रंग दोन छटांनी उजळला होता, पण गळ्यापर्यंतच. पदराबाहेर आलेले मनगट मूळच्या रंगाचे राहिल्यामुळे हात दुसऱ्याच कोणाचा वाटत होता. आणि कपाळावर रुपयाएवढे लालभडक कुंकू होते.

आजी 40 वर्षांची असताना आजोबा गेले. पुढची 44 वर्षे तिच्या कपाळावर काही नव्हते. चैत्रातल्या हळदीकुंकवाची आंब्याची डाळ आणि पन्हे ती करून देई आणि बायका यायच्या वेळी माजघरात जाऊन बसे. स्टुडिओवाल्याला यातले काही माहीत असण्याचे कारण नव्हते. वयस्कर बाईच्या फोटोला कुंकू लावून द्यायचे, हा त्याच्या टेबलावरचा रिवाज असावा. काका म्हणाले, "लक्ष्मीसारखी दिसतेय, असू द्या." आत्या फोटोसमोरच बसली होती. ती म्हणाली, "जिवंतपणी लावू दिलं नाहीत, आता फोटोत लावता होय?" गुरुजींनी घाईने पुढचा मंत्र सुरू केला.

दोन महिन्यांनी, मे 2022 मध्ये, आमच्यापासून फार लांब नसलेल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला की पती गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा गावात बंद. राज्य सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करायला सांगितले. काकांनी ती बातमी घरच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिले की आपण हे मार्चमध्येच केले. आत्याने उत्तर दिले नाही. 1 जुलैला इथे शिक्क्याचा कायदा लागू झाला, वर्तमानपत्रात त्या गोल शिक्क्याचे चित्र आले, आणि मी तो मनातल्या मनात आजीच्या फोटोवर ठेवून पाहिला. सुरकुत्या आणि रंग त्याच्या कक्षेत आले असते. कुंकू आले नसते, कारण ते शरीराची ठेवणही नाही आणि त्वचाही नाही. घरातल्या प्रत्येकाला फोटो बदललेला आहे हे ठाऊकच होते. कोणाचीही फसवणूक झालेली नव्हती. शिक्का मारूनही आत्याचा प्रश्न जिथल्या तिथेच राहिला असता.

नॉर्वेचा जो दुसरा कायदा मला घेण्यासारखा वाटतो तो इथे उपयोगी पडतो. 2018 च्या इथल्या कॉपीराइट कायद्याचे कलम 104 स्वतःच्या छबीवरच्या हक्काचे आहे: फोटोतल्या व्यक्तीच्या संमतीवाचून तिचा फोटो प्रसिद्ध करता येत नाही. बातमीमूल्य असेल, सभा-मिरवणूक असेल किंवा माणूस दृश्यात केवळ ओघाने आलेला असेल, तर अपवाद आहेत. हा हक्क हयातभर असतो आणि मृत्यूचे वर्ष संपल्यावर आणखी 15 वर्षे टिकतो. आजी इथे वारली असती तर तो 2037 अखेरपर्यंत चालला असता. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 17 याच्याशेजारी ठेवून पाहावे. वेगळा करार नसेल, तर पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणजे लग्नाच्या अल्बमचा मालक बहुधा वधूपिता, आणि स्थळासाठी काढलेल्या फोटोचाही तोच. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले खरे, पण तो हक्क अजून स्टुडिओची पायरी चढलेला नाही.

कलम 104 सुद्धा भिंतीवरच्या फोटोत कुंकू लावायला कोणाला मनाई करत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ते प्रसिद्धीपुरते आहे. पण त्याने विचारण्याची सवय लावली आहे. बालवाडीत मुलांचे फोटो काढण्याआधी आईवडिलांची लेखी संमती घेतात, आणि आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवातही आता आरतीचा फोटो टाकण्याआधी कोणीतरी "कोणाला नको आहे का?" असे विचारतो. पहिल्या वर्षी मला हे अतिशय कोरडे वाटले होते. "तिकडे माणसं सुटी सुटी, आपल्याकडे फोटो घराचा असतो," हे काकांचे म्हणणे मी अजूनही हसण्यावारी नेत नाही, कारण घराचा म्हणून त्यांनी तो जपला, फ्रेम केला, रोज पुसला. घराचा म्हणजे घरात कोणाचा, एवढेच मला विचारायचे आहे.

चेहरा कोणाच्या ताब्यात, हा प्रश्न संगणकाबरोबर आलेला नाही. विल्यम जॉन्सन या मुंबईतल्या छायाचित्रकाराने शहरातल्या जाती-जमातींच्या लोकांच्या फोटोंचे दोन खंड 1863 आणि 1866 मध्ये प्रसिद्ध केले. त्यांतली माणसे एकीकडे उभी करून टिपलेली आणि पार्श्वभूमी दुसरीकडची, असे जोडकाम त्यांत आहे. माणसाच्या नावाची गरज नव्हती, जातीचे नाव पुरे होते. सोफुस ट्रोमहोल्ट हा डॅनिश शिक्षक 1882 च्या हिवाळ्यात नॉर्वेच्या उत्तर टोकाला काउतोकेइनो इथे ध्रुवीय प्रकाशाचा अभ्यास करायला आला. त्याच्या कॅमेऱ्यातल्या, फोटो उमटवायच्या काचा पुरेशा संवेदनशील नसल्यामुळे आकाशाचा फोटो निघेना, तेव्हा त्याने गावातल्या सामी या मूलनिवासी लोकांचे फोटो काढले आणि त्यांची नावे नोंदवून ठेवली. बर्गन विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या या संग्रहाची 2013 मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदीत नोंद झाली. त्यांत काही डोळे कॅमेऱ्यावर इतके रोखलेले आहेत की बघणाऱ्यानेच मान खाली घालावी. नाव विचारले होते म्हणून ती माणसे तशी बसली, की तशी बसली म्हणून त्याने नाव विचारले, कोण जाणे.

मी रिटचिंगच्या विरुद्ध नाही. निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने मुरमाचा डाग भरून काढणारे जुने कारागीर होते, आणि त्यांच्या हाताला तोड नव्हती. दोन आठवड्यांत जाणारी गोष्ट काढावी, जन्माची असेल ती ठेवावी, हा या धंद्यातला ठोकताळा मला पटतो. गेल्या दिवाळीत भाचीचा स्थळासाठीचा फोटो काढायची वेळ माझ्यावर आली तेव्हा मी तोच धरून होते. ओसरीवर, दोन मीटरवरून, 85 मिलिमीटरच्या लेन्सने फोटो काढला. ताई मागे उभी राहून "थोडी उजळ कर गं" म्हणाली. गोरेपणाच्या क्रीमचे नाव 2020 मध्ये फेअर अँड लव्हलीवरून ग्लो अँड लव्हली झाले, तरी ताईचा शब्दकोश बदललेला नाही. मी लॅपटॉप भाचीपुढे सरकवला. तिने कपाळावरची पुटकुळी काढली, सायकलवरून पडल्याचा हनुवटीवरचा व्रण ठेवला, आणि मग माझ्याकडे न बघता उजेडाची पट्टी बोटभर उजवीकडे ओढली. मला ते आवडले नाही. पण चेहरा तिचा होता, म्हणून मी गप्प बसले आणि ताई खूश झाली.

आजीच्या त्या दिवसाचे 11 फोटो माझ्याकडे आहेत. काकांकडे गेलेला शेवटचा. त्याआधीच्या दहांत तिच्या डोळ्यांवर चष्मा आहे. काचेत अंगणाची तिरीप पडत होती, म्हणून मीच तिला तो काढायला सांगितला होता. "बिनचष्म्याची मला कोण ओळखणार?" असे ती म्हणाली, मी हसले आणि बटण दाबले. स्टुडिओवाल्याच्या हाती चेहरा पडला तो असा, मी आधीच सोलून ठेवलेला. ऑस्लोतल्या घरात आता दहावा फोटो लावला आहे. त्यात ओसरीचा खांब आहे, कडेला तिच्या वॉकरचा एक पाय आला आहे, आणि डाव्या काचेवर अंगणाचा पांढरा चौकोन पडल्यामुळे तो डोळा दिसत नाही.