एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: कॉइलओव्हर, मीठ आणि हिवाळा

नमस्कार साहेब, रिव्ह्यू वाचला. तुम्ही लिहिलंय की "वर्षभर चालेल म्हणून ॲडजस्टेबल सस्पेन्शन गळ्यात मारलं, एका हिवाळ्यात रिंगा जाम, सकाळी गाडी दगडासारखी कडक, वरून खटखट आवाज, बर्फात बंपर घासतो, ऑइल गळतंय, यापेक्षा कंपनीचे शॉकअप बरे होते". राग समजू शकतो, एवढे पैसे घालून गाडी अशी वागली तर कोणीही चिडेल. पण इथे वाचणारे बाकीचे लोकही याच प्रश्नावर अडलेले असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी रिंगांचं बोलू कारण खरं दुखणं तिथेच आहे. कॉइलओव्हर म्हणजे शॉकअपवरच स्प्रिंग बसवलेलं सस्पेन्शन, बॉडीवर बाहेरून आटे कापलेले असतात आणि त्यावरची रिंग फिरवून गाडीची उंची बदलते. तुमची गाडी आवाजासाठी आली तेव्हा लिफ्टवर घेऊन चाक काढलं, पुढच्या डाव्या बाजूला रिंगेखालच्या आट्यांमध्ये पांढरी पावडर गच्च बसलेली होती आणि तिच्यावर चॉकलेटी चिखलाचा थर. ती पांढरी पावडर म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज. बॉडी स्टीलची, रिंग ॲल्युमिनियमची, मधे बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाचं पाणी, म्हणजे बॅटरीच तयार झाली की हो, आणि त्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. ती पावडर मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते म्हणून रिंग अशी आवळून बसते की ती फिरवायचा हूक पाना घसरून हाताला लागतो पण रिंग हलत नाही. सेट डिफेक्टिव्ह असता तर एखाद्या कोपऱ्यात झालं असतं, तुमच्या चारही कोपऱ्यात सारखंच आहे.

आणि मीठ मीठ म्हणतो ते सगळं एक नसतं. साधं मीठ उणे ९ डिग्रीच्या आसपासपर्यंतच नीट काम करतं, त्याखाली रस्त्यावर मॅग्नेशियम क्लोराइड नाहीतर कॅल्शियम क्लोराइड टाकतात, आणि ही दोन्ही हवेतली ओल ओढून घेतात, म्हणजे रस्ता वाळला, गाडी वाळल्यासारखी दिसली तरी आट्यांमध्ये ओल असतेच. त्यात तुम्ही गाडी रोज रात्री हीटर लावलेल्या गॅरेजमध्ये ठेवता. ऐकायला उलटं वाटेल पण न धुतलेली मिठाळ गाडी गरम जागेत ठेवली की गंज जास्त जोरात धरतो, बाहेर गोठलेली राहिली असती तर कमी धरला असता. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आता "गळ्यात मारलं" हा शब्द. साहेब, तुमच्या समोर दोन सेट ठेवले होते. एक केडब्ल्यू कंपनीचा व्ही १, स्टेनलेस स्टीलची बॉडी, कॉम्पोझिट म्हणजे प्लॅस्टिकच्या जातीची रिंग, उंची बदलता येते पण डॅम्पिंगला, म्हणजे शॉकअप कडक-मऊ करायला, क्लिक वगैरे काही नाही. दुसरा तुम्ही घेतलात तो, ३० क्लिक, वर पिलोबॉलचे टॉप माउंट (शॉकअपचं वरचं टोक गाडीला धरणारा भाग, यात रबराऐवजी बेअरिंग), स्प्रिंग तुमच्या स्टॉकच्या जवळपास तिप्पट कडक. आम्ही पहिल्यावर बोट ठेवलं, तुम्ही म्हणालात "एवढ्या पैशात क्लिकसुद्धा नाहीत?" आणि दुसरा घेतलात. बिलावर आमच्या मेकॅनिकने लिहिलंय, "पिलोबॉल ग्राहकाच्या पसंतीने, रबर माउंट सुचवला होता". तुमचे पैसे, तुमची गाडी, त्यात चूक काहीच नाही, पण मग गळ्यात मारलं कसं?

बाकीच्यांसाठी सांगतो, कडक हिवाळ्यात वर्षभर चालवायची गाडी असेल तर क्लिक सगळ्यात शेवटी बघा. आधी बघा आटे कशावर कापलेत आणि रिंग कशाची आहे. झिंकचा थर दिलेलं स्टील चालतं, पण हूक पान्याने किंवा खड्याने तो थर खरवडला की तिथून गंज सुरू. स्टेनलेस उत्तम, पण स्टेनलेसवर ॲल्युमिनियमची रिंग असेल तर ॲल्युमिनियम खाल्लं जायचंच, म्हणून तर कॉम्पोझिट रिंगेचं कौतुक. मग बघा वर रबर आहे की पिलोबॉल. पिलोबॉल म्हणजे उघडा गोल बेअरिंग, ट्रॅकवर झकास, पण वाळू आणि मिठाचं पाणी आत गेलं की खेळ पडतो आणि तुमची ती खटखट सुरू होते. तुमचा आवाज तोच आहे, हाताने स्प्रिंग धरून कोणालातरी स्टेअरिंग हलवायला सांगा, बोटांना जाणवेल.

कडकपणाचं म्हणाल तर त्यात दोन गोष्टी मिसळल्यात. एक, थंडीत डॅम्परचं, म्हणजे शॉकअपचं, ऑइल घट्ट होतं, प्रत्येक शॉकअपमध्ये होतं, कंपनीच्याही. गॅसचं प्रेशर पण उतरतं, २० डिग्रीवरून उणे २० ला आलात की साधारण १४ टक्के कमी. पहिले काही किलोमीटर हळू चालवा, डॅम्पर हलला की ऑइल आपोआप गरम होतं, त्या पहिल्या किलोमीटरांवरून सेटिंग ठरवू नका. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, तुमचे क्लिक अजून उन्हाळ्याच्याच सेटिंगला होते, जवळपास फुल कडक. निसरड्या रस्त्यावर उलटं पाहिजे, मऊ, म्हणजे वजन टायरवर हळूहळू येतं आणि पकड टिकते. कडक गाडी बर्फावर तुटक तुटक सुटते, आणि मग माणूस टायरला शिव्या घालतो.

बंपरचं तर काय बोलायचं, गाडी पार खाली बसवलेली होती! तेवढ्या उंचीवर स्प्रिंग जरा दबला की शॉकअप बंपस्टॉपला, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्याला, टेकतो, तुम्ही लिहिलेला "दगड" निम्मा तोच आहे. आणि ताज्या बर्फात एवढी खाली गाडी नांगरासारखी चालते, बर्फ पोटाखाली दाबला जातो, गाडी त्यावर चढते आणि चाकांवरचं वजनच निघून जातं, मग विंटर टायर कितीही भारी असो. हिवाळ्यापुरती २० मिलिमीटर वर घ्या असं फिटिंगच्या दिवशी सांगितलं होतं. मात्र उंची बदलली की काम तिथे संपत नाही, टो (चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) बदलतो म्हणून अलाइनमेंट परत करायचं, हेडलाइट बघायचे, आणि सस्पेन्शन आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट ढिले करून गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना परत आवळायचे, नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हे सगळं वर्षातून दोनदा करायची तयारी नसेल तर एक मधली उंची धरा आणि विसरून जा, खरंच सांगतो, बरेच लोक तसंच करतात आणि सुखी असतात.

ऑइल गळत नाहीये. रॉडवर बारीक ओल राहतेच, सील त्यावरच चालतो. खाली थेंब येऊन बॉडी भिजली तर गळती म्हणायची, आणि तशी झाली तर वॉरंटीत बसते. गंज वॉरंटीत बसत नाही, कंपनीच्या कागदावर तसं स्पष्ट आहे.

कंपनीचे शॉकअप बरे होते म्हणालात, यावर वाद घालणार नाही. ज्याला उंची कमी करायची नाही, ट्रॅकवर जायचं नाही, हूक पाना हातात धरायचा नाही, त्याने चांगले स्टॉक शॉकअप टाकावेत, आम्ही स्वतः तसंच सांगतो आणि त्यात आमचं गिऱ्हाईक कमी होतं हेही कबूल. ॲडजस्टेबल म्हणजे ॲडजस्ट करत राहायची वस्तू. हिवाळ्याआधी आटे पाण्याने धुऊन नायलॉनच्या ब्रशने साफ करायचे, वाळवायचे, मेणाचा गंजरोधक स्प्रे मारायचा. साधं ग्रीस नको, वाळू धरतं. तांब्याचं ग्रीस तर ॲल्युमिनियमजवळ अजिबात नको, कारण तांब्यासोबत ॲल्युमिनियम आणखी जोरात खाल्लं जातं. हिवाळाभर अधूनमधून चाकाच्या आतून पाणी मारायचं, फक्त प्रेशर वॉशरची धार रॉडच्या सीलवर धरू नका. थंडी संपली की रिंग खूण करून एक फेरा वर, एक फेरा खाली, परत खुणेवर. आट्यांवर घालायचे ते कापडी मोजे मिळतात, त्यावर लोकांचं एकमत नाही, माझं विचाराल तर नको, आतली ओल वाळत नाही.

आता तुमच्या गाडीचं. सेट फेकायची गरज नाही. खालच्या ब्रॅकेटचे आटे चाकाच्या फवाऱ्यात सगळ्यात जास्त भिजतात तरी ते मी तपासलेत, फिरतात, त्यामुळे रिंगा सुटल्या नाहीत तरी उंची तिथून वर घेता येईल. वर रबर माउंट टाकू, माउंटचे पैसे द्या, रिंगा सोडवायची आणि अलाइनमेंटची मजुरी मी घेणार नाही. येण्याच्या दोन-तीन दिवस आधीपासून रोज रात्री रिंगेवर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. आणि कृपा करून छिन्नी-हातोडा लावू नका, मागच्या एका रिंगेवर ठोकल्याची खूण दिसली मला. मागचे शॉकअप मोनोट्यूब आहेत, पिस्टन त्याच नळीला आतून घासत चालतो, बाहेरून एक पोचा पडला की तो शॉकअप गेला, मग मलाही काही करता येणार नाही.