टरफलं आणि मीठ राहू द्या, आधी वाफसा आलाय का बघा

वसंतातल्या लागवडीसाठी बाग एका दिवसात तयार करा, असा मेसेज सगळीकडे फिरतोय. माती ओली करून दोन फूट खणा, अंड्याची टरफलं आणि एप्सम सॉल्ट मिसळा म्हणजे टोमॅटोचं बूड काळं पडत नाही, कॉफीचा चोथा टाकला की माती आम्लधर्मी होते, कुंडीत तळाला खडी घाला म्हणजे पाणी साचत नाही. पहिल्यांदाच बाग करणारे हे वाचून राबणार आणि हिरमुसणार, याचं मला मनापासून वाईट वाटतं म्हणून लिहितेय.

सगळ्यात जास्त नुकसान ओल्या मातीत खणण्याने होतं. पाय आणि कुदळ पडली की मातीतल्या हवेच्या जागा दाबल्या जातात, वाळली की दगडासारखी ढेकळं, ती मग फोडता फोडता जीव जातो. मूठभर माती घ्या, दाबा, गोळ्याला बोट लावा, भुसभुशीत फुटला तर वाफसा आलाय, म्हणजे माती खणण्याजोगी सुकलीय, नुसता खळगा पडला तर अजून थांबा. मी एका वर्षी घाई केली आणि त्या वाफ्यातली गाजरं वाकडी, दोन-दोन फाटे फुटलेली निघाली. आणि दोन फूट कशाला? चालू वाफ्यात वरचा वीतभर थर सैल करून दोन-तीन बोटं चांगलं कुजलेलं कंपोस्ट घातलं तरी पुरतं.

टरफलात कॅल्शियम असतं हे खरंय, पण ते मातीत फार सावकाश सुटतं, मागच्या सीझनची टरफलं माझ्या खुरप्याला अजून तशीच लागतात. मुळात बूड काळं पडतं तेव्हा बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतंच, ते पाण्याबरोबर वर चढतं, आणि आपण तीन दिवस झाड कोरडं ठेवून चौथ्या दिवशी बादली ओतली तर फळापर्यंत नीट पोचत नाही. पाणी नियमित द्या, वर पालापाचोळ्याचं आच्छादन टाका. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, त्यात कॅल्शियम नाहीच, उलट मॅग्नेशियम जास्त झालं तर मुळांना कॅल्शियम घेणं जड जातं, म्हणजे ज्या रोगावर उपाय म्हणून घालायचं तोच वाढायचा.

चोथ्याचं म्हणाल तर आम्ल बरंचसं कॉफीत उतरून गेलेलं असतं, उरलेल्या चोथ्याने माती फारशी बदलत नाही. कंपोस्टमध्ये खुशाल टाका, फक्त बी पेरायच्या जागी जाड थर नको, उगवण मार खाते.

राहिली खडी. बारीक मातीतलं पाणी वरची माती पार चिंब झाल्याशिवाय खाली खडीत उतरतच नाही, त्यामुळे खडी घातली की तो चिंब थर उलट वर, मुळांच्या जवळ सरकतो. कुंडीला भोक मोकळं ठेवा आणि तळापासून माती-कंपोस्टच भरा, मुळांना तेवढीच जागा जास्त मिळते.