खुलासा : बाबागाडी १८७७ मध्ये जन्मली नाही
इंग्लंडमधले पूर्वज शोधणाऱ्यांमध्ये एक मजकूर फिरतो आहे : बाबागाडीचा शोध १८७७ मध्ये लीड्सच्या विल्यम विल्सन यांनी लावला, म्हणून त्याआधीच्या कागदात ‘पॅराम्ब्युलेटर मेकर’ (बाबागाडी बनवणारा) दिसला तर ती नोंद सोडून द्या. कृपा करून सोडू नका, हातचा पूर्वज जाईल.

१८७७ मध्ये विल्सन यांनी ‘सिल्व्हर क्रॉस’ या बाबागाड्यांच्या कंपनीचा कारखाना सुरू केला, एवढंच खरं. १७३३ च्या सुमारास वास्तुकार विल्यम केंट यांनी डेव्हनशरच्या ड्यूकच्या मुलांसाठी जनावराने ओढायची छोटी गाडी बनवली होती. मागून ढकलायच्या गाडीचं पेटंट चार्ल्स बर्टन यांनी १८५३ मध्ये घेतलं. मग १८६१ च्या जनगणनेत हा धंदा सापडला, तर त्यात नवल काय?

एका नोंदीत टोपल्या विणणारा आणि दुसरीत बाबागाडी बनवणारा, असं धंद्याचं नाव बदललं म्हणून घराणं बदललं असंही धरू नका. त्या काळच्या कितीतरी बाबागाड्यांची बैठक विणलेलीच असे. विलो झाडाच्या फोका सालीसकट उकळायच्या, सालीतल्या रंगाने त्या तांबूस होत, मग सोलून विणायच्या. टोपली विणणारा हात गाडीही विणू शकत होता.

वय जुळत नसेल तर आधी जनगणनेचं वर्ष बघा. १८४१ च्या जनगणनेत पंधराच्या वरची वयं बहुधा पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत; ३९ चा माणूस तिथे ३५ चा दिसतो. खरा आधार जुलै १८३७ नंतरच्या विवाहनोंदीचा : तिच्यात वर आणि वधू दोघांच्याही वडिलांचा धंदा लिहिण्याचा रकाना आहे.