दहा वर्षांचा हिशोब आला कुठून?

भजनी मंडळापासून सोसायटीपर्यंत गोव्यातल्या बऱ्याच ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. म्हणणं एवढंच: एचआयव्हीची लागण झालेला माणूस जेमतेम दहा वर्षं जगतो, सीडी४ (रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींचा आकडा) दोनशेच्या खाली आला की दोन वर्षं धरून चाला, आणि सरकारी गोळ्यांनी मरण टळत नाही, उलट किडनी-लिव्हर जाऊन लवकर येतं. खाली हात जोडलेले आणि ‘सर्वांना पाठवा’.

दहा वर्षांचा आकडा ही निव्वळ थाप नाही, पंचाईत तीच आहे. औषध न घेणाऱ्या प्रौढांमध्ये लागण ते मृत्यू हा काळ साधारण दहा-अकरा वर्षांचा भरत असे. पण हे मोजलं गेलं ते ज्यांना औषधच नव्हतं त्यांच्यावर. तो काळ गोव्याने जवळून पाहिलाय. १९८९ मध्ये गोव्यातलेच डॉमिनिक डिसोझा एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाले, तर इथल्या सार्वजनिक आरोग्य कायद्याचा आधार घेऊन त्यांना ६४ दिवस डांबून ठेवलं. १९९२ मध्ये ते गेले. तीन औषधं एकत्र देण्याचे उपचार आले १९९६ मध्ये, आणि भारत सरकारने ते मोफत द्यायला सुरुवात केली १ एप्रिल २००४ ला. मेसेजातलं गणित या सगळ्याच्या आधीचं आहे. त्यातही ‘दहा’ म्हणजे मधला आकडा. कितीतरी जण त्याआधी गेले, कितीतरी त्यापुढे जगले.

आता सीडी४. या आकड्याला अर्थ नाही असं कोणी सांगत असेल तर तेही ऐकू नका. दोनशेच्या खाली आलेला माणूस धोक्यात असतोच. पण एकच रिपोर्ट हातात घेऊन वर्षं मोजणं निरर्थक. ताप, दुसरा संसर्ग, गरोदरपण, अगदी रक्त किती वाजता काढलं यानेही तो खालीवर होतो. आणि उपचार सुरू झाले की सहसा तो चढतो.

किती फरक पडतो? युरोप-उत्तर अमेरिकेतल्या रुग्णांचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास आहे. २०१५ नंतर औषध सुरू केलेल्या चाळिशीच्या लोकांना, सीडी४ पाचशेच्या वर असेल तर, पुढे सरासरी बायकांना ४२ आणि पुरुषांना ३९ वर्षं मिळतील असा अंदाज निघाला. सीडी४ पन्नासच्याही खाली असलेल्यांना? तरीही २४-२५ वर्षं. मेसेज देतो दोन! मात्र हे आकडे उपचारांचं पहिलं वर्ष पार केलेल्यांचे आहेत, आणि ते आपल्याकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. फार उशिरा आलेल्यांना खरा धोका पहिल्या काही महिन्यांत असतो, आणि त्यात सर्वांत मोठा वैरी क्षयरोग. म्हणून अशा रुग्णाला एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या, गोळीबरोबर क्षयाची तपासणी आणि प्रतिबंधक औषधंही लागतात. जीव वाचतो तो इथे.

डॉक्टर अंदाज बांधतात तेव्हाही एकट्या सीडी४वर विसंबत नाहीत. वय, व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती आहे ते), हिमोग्लोबिन, लिव्हर, किडनी, हेपॅटायटिस सी असं बरंच काही पाहतात. तोही अंदाज गटाचा. अमक्याच्या वाट्याला किती वर्षं, हे त्यातून निघत नाही.

गोळ्यांबद्दलचं म्हणणं अर्धवट ऐकीव आहे. जुन्या स्टॅव्हुडिनने चेहरा बसायचा, पायांना मुंग्या यायच्या. झिडोव्हुडिनने काहींचं रक्त कमी व्हायचं. ज्यांनी ते पाहिलं, त्यांची भीती खोटी नव्हती. आज बहुतेकांना टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर एकत्र असलेली रोजची एकच गोळी मिळते. टेनोफोव्हिरचा किडनीवर परिणाम होऊ शकतो, म्हणून तर क्रिएटिनिन तपासतात आणि गरज पडली तर औषध बदलतात. या भीतीने गोळ्या सोडल्या तर विषाणू पुन्हा वाढतो, आणि मेसेजातलं जुनं गणित खरं व्हायला लागतं.

२०१७ पासून भारतात सीडी४ कितीही असो, निदान झालं की उपचार सुरू करायचे असं धोरण आहे. पूर्वी आकडा उतरायची वाट पाहत, ती आता पाहायची नाही. गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, एआरटी केंद्र आहे, तिथे औषध फुकट मिळतं. आधीपासून गोळ्या घेणाऱ्यांनी तिथे पुढच्या खेपेला विचारायचा प्रश्न एकच: माझा व्हायरल लोड शेवटचा कधी तपासला, आणि किती निघाला?