तशी गाडी एक नंबर

माझी गाडी डावीकडे वळली की हॉर्न वाजतो. मी वाजवत नाही, तो वाजतो. स्टिअरिंग सरळ होईपर्यंत वाजतच राहतो. उजवीकडे वळताना मात्र गाडी कीर्तनाला बसल्यासारखी गप्प.

साताऱ्यात डावीकडे न वळता जगता येतं का, याचा मी दोन महिने अभ्यास केला. येतं. तीन वेळा उजवीकडे वळलं की एकदा डावीकडे वळल्याचं पुण्य मिळतं. गोडोलीतून राजवाड्यापर्यंत वरच्या रस्त्यानं जायचं की खालच्या, हे लोक गर्दी बघून ठरवतात. मी वळणं मोजून ठरवायचो. पण यवतेश्वरच्या घाटाला ही युक्ती लागू पडत नाही. तिथं पुढच्या एसटीनं माझा हॉर्न ऐकून इमानदारीत बाजू दिली. मी पुढं गेलो नाही. पुढच्या वळणाला पुन्हा हॉर्न, पुन्हा बाजू. तिसऱ्या वळणाला ड्रायव्हरनं एसटी थांबवली, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि विचारलं, "पाव्हणं, नक्की काय इच्छा हाय?"

कहर झाला तो संगम माहुलीला. एका लांबच्या नातलगांच्या अंत्ययात्रेत माझी गाडी शववाहिकेच्या बरोब्बर मागं होती. घाटाकडं वळताना शववाहिका डावीकडे वळली. मीही वळलो. पुढं चालणारे सगळे मागं वळून बघायला लागले. मयताचे थोरले भाऊ गाडीजवळ आले आणि काचेवर टकटक करून म्हणाले, "तुम्हाला घाई असली तर तुम्ही व्हा पुढं."

मिस्त्रीनं निदान पाच मिनिटांत केलं. स्टिअरिंगच्या आत एका पट्टीची गुंडाळी असते, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी. हॉर्नची आणि एअरबॅगची तार तिच्यातून जाते. चाक फिरलं की गुंडाळी सैल होते, घट्ट होते. ती कुठं घासली की शॉर्ट होतं आणि हॉर्न बोंबलतो. "ह्या मॉडेलला हाय हा प्रॉब्लेम. ही चौथी गाडी." खर्च साडेपाच हजार. "नायतर हॉर्नचा फ्यूज काढून देतो, फुकट." बिनहॉर्नाची गाडी घेऊन खंबाटकी चढायची? त्यापेक्षा पायी गेलेलं बरं.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथल्या मुलानं गाडी आवारात फिरवली. डावीकडे वळताना तो स्वतः दचकला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. तरी कागदावर लिहून आलं: 'ग्राहकाचे म्हणणे – हॉर्न वाजतो. निष्कर्ष – हॉर्न चालू स्थितीत.' वॉरंटी अर्थातच संपली होती. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. तिथल्या बाईंनी माझं सगळं, माहुलीसकट, शांतपणे ऐकून घेतलं आणि तक्रार नोंदवली. कंपनीचं उत्तर आलं. हॉर्न चालू स्थितीत.

अशात अमेरिकेतल्या मेहुण्याचा फोन आला. त्याला १०० डॉलर मिळाले होते. कशाबद्दल? तर गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांनी आपसात संगनमत करून भाव चढवले होते, त्याबद्दल. त्याच्या गाडीला झालं काय होतं? "काहीच नाही. गाडी मस्त आहे." म्हणजे ज्याची गाडी मस्त त्याला १०० डॉलर, आणि ज्याची अंत्ययात्रेत बोंबलते त्याला 'चालू स्थितीत'.

मग त्यानं मला तासभर क्लास ॲक्शन समजावून सांगितलं. तिकडं एकानं दावा लावला आणि कोर्टानं मान्य केलं की ती गाडी घेतलेले सगळे आपोआप त्यात. 'मला यात धरू नका' असं ज्यानं कळवलं तोच बाहेर. थोडक्यात चूलबंद आमंत्रण. फक्त बऱ्याचदा पान आपलं आपण मांडावं लागतं, म्हणजे मुदतीत अर्ज भरावा लागतो. फोक्सवॅगननं डिझेल गाड्यांच्या धुराच्या चाचणीत लबाडी केली, तेव्हा २०१६ च्या तडजोडीत तिथल्या लोकांना गाडी कंपनीला परत विकायची मुभा मिळाली, आणि वर ५,१०० ते १०,००० डॉलर भरपाई. हे ऐकून मला रात्रभर झोप लागली नाही.

सकाळी बायकोला म्हटलं, "मी क्लास ॲक्शन करतोय."

"या वयात क्लास? फी किती आहे?"

फी किती आहे हे आमच्या गल्लीतल्या वकीलसाहेबांनी सांगितलं. आपल्याकडं चूलबंद नाही, पण वाट आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातलं कलम ३५. अनेक ग्राहकांचं हित सारखं असेल तर जिल्हा आयोगाच्या परवानगीनं एकजण सगळ्यांच्या वतीनं तक्रार करू शकतो. तक्रार राहत्या जिल्ह्यात लावता येते, दोष उघड झाल्यापासून दोन वर्षांच्या आत. माझी एकट्याची सात लाखांची गाडी म्हणजे शुल्क २०० रुपये. "पण माणसं जमवा," साहेब म्हणाले, "आणि जास्तही जमवू नका. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाख. सगळ्यांची किंमत एकत्र धरली तर सात गाड्यांचे ४९ लाख होतात. आठवा आला की चला राज्य आयोगात."

मला सात काय, सत्तर मिळतील अशी खात्री होती. शोधायचे कसे? कानानं! संध्याकाळी पोवई नाक्यावर उभा राहायचो आणि वळताना बोंबलणारी गाडी दिसली की मागं पळायचो. पहिल्यानं काच खाली करून आधीच हात जोडले, "सॉरी, सॉरी, मुद्दाम नाही वाजवला." त्याला मिठी मारावीशी वाटली. दुसऱ्याला वाटलं मी वर्गणी मागतोय. तिसरा सिग्नल सोडून पळाला. आठ दिवसांत चौघं जमले. मी धरून पाच. मर्यादेच्या आत.

रविवारी आमच्या गच्चीवर बैठक. वकीलसाहेब, पोहे, चहा, कंदी पेढे. मी प्रास्ताविकात माहुलीचा किस्सा सांगितला. सगळे पोट धरून हसले. मग म्हटलं, आता एकेकानं आपल्या गाडीची तक्रार सांगा, साहेब लिहून घेतील.

गच्चीवर शांतता पसरली.

सुभेदारसाहेब फौजेतून निवृत्त. ते म्हणाले, "तशी गाडी एक नंबर आहे. मायलेज बघाल तर बावीस. हॉर्नचं काय, किरकोळ आहे." मी म्हटलं, साहेब, लिहून द्यायचं तर 'किरकोळ' काढावं लागेल. ते म्हणाले, "मी आयुष्यात कधी सदोष वस्तू घेतलेली नाही. तसं लिहून देणार नाही."

प्राध्यापकांची अडचण वेगळी. गाडी सासऱ्यांनी घेऊन दिलेली. "दोष आहे असं मी सहीनिशी म्हटलं, तर ते नेमकं कुणाला लागेल, समजून घ्या." समजून घेतलं.

किराणा दुकानदारांनी अंकांची बेरीज नऊ यावी म्हणून नंबरला जादा पैसे मोजले होते, डिलिव्हरी मुहूर्तावर घेतली होती. त्यांचं म्हणणं, गाडीत दोष निघाला म्हणजे मुहूर्तात दोष निघाला, आणि तो मुहूर्त घरातच काकांनी काढलेला. शिवाय पाडव्याला गाडी विकायचा विचार होता. "आयोगात नाव आलं तर घेणारा पन्नास हजार पाडून मागंल. तुमची भरपाई किती येणार?" वकीलसाहेबांनी पोह्यातला शेंगदाणा बारकाईनं तपासला.

उरले विमा एजंट. ते मात्र छाती ठोकून उभे राहिले. "माझं नाव पहिलं लिहा. मी कुणाला भीत नाही. माझी गाडी वाजते. चौकाचौकात वाजते. उजवीकडं वळलं की वाजते!"

"उजवीकडं?" साहेबांनी पेन खाली ठेवलं. "डावीकडं नाही?"

"डावीकडं अजिबात नाही."

"मग तुमचं हित सारखं आहे हे आधी पटवून द्यावं लागेल. नाहीतर तुमचा क्लास वेगळा."

एजंटांना ते अपमानास्पद वाटलं. चहा अर्धा टाकून ते गेले. पेढे मात्र संपले होते.

महिन्याभरानं कंपनीचा मेसेज आला. 'आपल्या अधिक समाधानासाठी मोफत स्टिअरिंग तपासणी शिबिर.' दोष हा शब्द कुठंही नाही. पहिल्या दिवशी सकाळी आठला पोचलो, तर रांगेत माझ्या पुढं सुभेदार, प्राध्यापक आणि दुकानदार.

"ऑईल बदलायला आलोय," सुभेदार म्हणाले.

"व्हील अलाइनमेंट," प्राध्यापक म्हणाले.

दुकानदारांनी मला ओळखच दाखवली नाही. त्यांच्याबरोबर गाडी बघायला आलेलं गिऱ्हाईक होतं.

दुपारपर्यंत चारही गाड्यांच्या गुंडाळ्या बदलून झाल्या. फाटकातून डावीकडे वळून आम्ही एकामागोमाग एक बाहेर पडलो, आवाज नाही, काही नाही. माझा हात सवयीनं कानाकडं गेला होता. तेवढ्यात आतून एजंटांची गाडी निघाली आणि उजवीकडे वळली. सगळा रस्ता दचकला.

संध्याकाळी त्यांचा फोन. "त्यांनी लिहून दिलंय, तपासणी डावीकडच्या वळणासाठी होती. बरं, ते तुमचं पोवई नाक्यावर उभं राहायचं किती वाजता असायचं? जरा आठ दिवस उभं राहून बघा की, उजवीकडं कुणाची वाजतीय का. पोहे माझ्याकडं."