पूर्वज निवडताना घ्यावयाची काळजी

अमेरिकेतील 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्हल्यूशन' या संस्थेच्या स्थानिक शाखेत आपल्याला प्रवेश हवा असेल, तर पहिली अट सोपी आहे: आपण स्त्री असावे आणि वयाची 18 वर्षे पूर्ण झालेली असावीत. दुसरी अट मात्र आपल्या जन्माच्या बऱ्याच आधी पूर्ण व्हायला हवी होती, ती म्हणजे आपल्या एखाद्या पूर्वजाने इंग्रजांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धाला हातभार लावलेला असावा. लढवय्या सापडला नाही म्हणून धीर सोडू नये. सैन्याला धान्य वा जनावरे पुरवणारा किंवा निष्ठेच्या शपथेखाली सही करणाराही देशभक्त म्हणून चालतो. तेव्हा खापरपणजोबांच्या आजोबांनी दिलेल्या गाईची नोंद निष्ठेने शोधावी. आपण स्वतः देशासाठी काय केले, हे विचारण्याची घाई कोणाला नसते.

मधल्या प्रत्येक पिढीचे पुरावे जोडावेत आणि नाते रक्ताचेच असावे, कारण येथे दत्तक चालत नाही. बडोद्याचे सयाजीराव आणि कोल्हापूरचे शाहू महाराज यांना गादी मिळाली, पण दत्तक घराण्याच्या जोरावर या संस्थेच्या सदस्या छातीवर मिरवतात ती बिल्ल्यांची फीत काही मिळाली नसती (ते पुरुष होते, ही अडचण वेगळी). आईकडून आलेला वंश मात्र ग्राह्य धरतात, याचे कौतुक करावे. आपल्याकडच्या अनेक जुन्या कुलवृत्तांतांत लेकीचे लग्न झाले की तिची फांदी तिथेच छाटलेली दिसते.

प्रवेश मिळाल्यावर इतिहास जपावा, पण निवडून. पुरुषांच्या अशाच संस्थेने दार लावून घेतले म्हणून 1890 मध्ये या महिलांनी स्वतःचे घर बांधले, हा प्रसंग बैठकीत अवश्य सांगावा. पुढे 1939 मध्ये, मॅरियन अँडरसन या कृष्णवर्णीय गायिकेला वॉशिंग्टनमधील आपले सभागृह नाकारून त्याच महिलांनी दार लावण्याची कला किती आत्मसात केली होती हे दाखवले, राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी संस्थेच्या सदस्यत्वाचा राजीनामा दिला आणि अँडरसन लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर सुमारे 75,000 श्रोत्यांसमोर गायल्या, हा विषय कोणी काढलाच तर चहा आणायला उठावे. संस्थेने पुढे खेद व्यक्त केला आहे, त्यामुळे चहा थंड होण्याआधी परतायला हरकत नाही.

शाखेच्या सेवाकार्यात मात्र अंगचोरपणा करू नये. नव्या नागरिकांच्या शपथविधीला जावे, आणि न्यू जर्सीतली एखादी जोशी किंवा पाटील शपथ घेऊन उतरली, की तिच्या हाती छोटा ध्वज देऊन, छातीवरची फीत सारखी करत, "आता तुम्ही आमच्यातल्याच," असे म्हणावे.